माझ्यामागे म्हणा

वादळात तुटलेली विजेची तार पायवाटेवर आडवी पडली होती. रांगेच्या शेवटी चालणाऱ्या कुंदा मॅडमना ती दिसली, तेव्हा पहिलीची पोरं तिच्यापासून जेमतेम दहा पावलांवर होती. सगळी अनवाणी.

“थांबा,” मॅडम ओरडल्या.

“थांबा,” बाराही कोरकू लेकरं एका सुरात ओरडली आणि चालतच राहिली.

आपण म्हणू ते मोठ्यानं म्हणायचं, हे मॅडमनीच तर शिकवलं होतं. कालच फळ्यावरचा ‘थांबा’ सगळ्यांनी खणखणीत वाचला होता. अर्थ कळलाय का, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्याला कोरकूत काय म्हणतात, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

“थांबा रे,” त्यांचा आवाज चिरकला. पोरं पुन्हा तसंच ओरडली, पण सगळ्यात पुढची फुलवंती हसून मागे वळली. मॅडमनी मातीतच बसकण मारली. फुलवंतीला तो नवा खेळ वाटला. तीही बसली. तिच्यामागे सगळी रांग बसली.

मॅडम उठून पुढे गेल्या आणि तारेच्या अलीकडे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

“थांबा,” त्या हळूच म्हणाल्या.

या वेळी त्यांच्यामागे कुणीच म्हणालं नाही; सगळी जागीच बसून राहिली.