टाकीच्या झाकणाचं भोक

"मिस्त्री, तिसऱ्यांदा आलोय मी!" झाडं तोडणाऱ्या काकांनी आपली चेनसॉ माझ्या टेबलावर आदळली. "पाच मिनिटं चालते आणि ऐन कामात मान टाकते. मग बसा घाम पुसत! दुरुस्त करता की नुसती पुसून परत देता?"

माझं डोकं सणकलं. प्लग नवा टाकलेला, फिल्टर धुतलेला, कार्ब्युरेटर दोनदा खोललेला. म्हटलं, आज सोडायचं नाही. त्यांच्यासमोरच मशीन चालू केली आणि चालूच ठेवली. पाचव्या मिनिटाला गचकली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं, तर फुस्स आवाज झाला आणि मशीन पुन्हा सुरू! त्या झाकणात हवा आत जायला एक बारीक भोक असतं; ते बुजलं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. ते कुणीतरी मेणानं गच्च बुजवलं होतं.

"कुणाचा हा आगाऊपणा?" काका माझ्यावरच खेकसले.

"माझा," दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मशीन बंद पडते त्यानं!"

"पडू दे. तेवढा वेळ तरी खाली बसता तुम्ही." काकूंचा आवाज चढला. "मशीन बंद पडली की तीन-तीनदा मिस्त्रीकडे धावता. स्वतः छाती धरून दोनदा कोसळलात, डॉक्टरकडे एकदा तरी गेलात?"