निरोप्या

धारवाडला कॉलेजात इतिहास शिकवणारी दीपश्री उद्याचा धडा आपल्या निवृत्त सुभेदार वडिलांना सांगत होती. फ्लोरिडाच्या दलदलीत तिथले मूळ रहिवासी सेमिनोल लोक अमेरिकन फौजेशी वर्षानुवर्षं लढले. एकदा त्यांचा पुढारी पांढरं निशाण घेऊन तहाचं बोलायला आला, तर फौजेनं त्यालाच धरलं. तो कैदेतच मेला.

“बोलायला आलेल्याला धरायचं? कसली माणसं ही, अप्पा!”

“त्याच्याकडं निरोप घेऊन कोण गेलं होतं?” अप्पांनी विचारलं.

“ते कुठं दिलेलं नाही. का?”

अप्पांनी तिच्याकडं बघायचं टाळलं. “आमच्या वेळी फौजेनं एका बंडखोर पुढाऱ्याला असंच धरलं. त्याच्याकडं मी गेलो होतो. त्याच्या डोंगरातली भाषा पलटणीत मला एकट्यालाच येत होती. माझ्या शब्दावर तो खाली उतरला, दीपा. धाकट्या लेकीला कडेवर घेऊन.”