शिवडीचं बदक

"जा गो, बघून ये," रमाबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी काय तासाभरात मरत नाय."

मालनच्या हातातली पेजेची वाटी तशीच राहिली. सासूने अंथरूण धरल्यापासून भाजीला खाली उतरायचं तरी ती शेजारणीला दाराशी बसवून जायची, आणि वर आल्यावर उशिराबद्दल बोलणी खायची.

"मी बसते ना, वहिनी," नणंद गुणवंती म्हणाली. "माझीपण आईच आहे ती."

बदकाची बातमी गुणवंतीच्या मुलानेच, दिनेशने, आणली होती. शाही चक्रवाक. पांढरं अंग, लालभडक चोच, छातीभोवती तांबूस पट्टा. शिवडीच्या चिखलात एकटंच उतरलं होतं. मोबाइल पुढे करत तो म्हणाला, "ओहोटी आहे तोवर दिसेल, मामी. पाणी चढलं की गेलं."

मालनचा नवरा गंगाधर शिवडीला गोदामात कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत पक्षी बघत बसायचा. सुट्टीच्या दिवशी तिलाही न्यायचा. हे एक बदक मात्र त्याला जन्मात दिसलं नाही. तो गेला तेव्हा मालनकडे मूलबाळ नव्हतं. त्याची दुर्बीण होती आणि सासूचा शब्द होता, "माझ्यामागे ही खोली तुझीच." त्या शब्दावर ती लालबागेत राहिली, म्हातारीचं हगणंमुतणं काढत राहिली. चाळीच्या जागी टॉवर येणार असं ठरल्यावर गुणवंतीने एकदा खोलीचा विषय काढला होता. तेव्हा रमाबाईंनीच तिला सगळ्यांदेखत झापलं होतं.

तरी निघताना मालनने कपाटाची किल्ली कमरेला खोचली. नणंदेचा काय भरवसा.

टॅक्सीने ती बंदरावर पोचली. कॅमेरेवाले चारपाच जण कठड्याला टेकले होते. त्यातल्या एका बाईने बोट करून दाखवलं, आणि दुर्बिणीत ते आलं. मान डावीउजवीकडे फिरवत चिखल चाळत चाललं होतं, कुणाची फिकीर नसल्यासारखं. "अहो, बघा," असं मालनच्या तोंडून निघून गेलं. बाजूच्या बाईने वळून पाहिलं.

परतताना तिला सासूबद्दल वाईट वाटलं. उगाच आपण मनात अढी धरली. म्हातारीने लेकाची हौस लक्षात ठेवली होती. मालनने नाक्यावर तिच्यासाठी पिकलेली केळी घेतली.

गुणवंती आणि दिनेश जिन्यातच भेटले. घाईत होते. "शिजवून ठेवलंय," एवढंच म्हणून नणंद खाली उतरली.

"दिसलं काय?" रमाबाईंनी विचारलं.

"दिसलं, आई. तुमच्यामुळे दिसलं."

केळं भरवण्याआधी मालनने सासूचा हात तांब्यातल्या पाण्याने धुतला. डावा अंगठा पेरापर्यंत निळा होता. तिने साबण लावला. पुन्हा लावला.

"घासू नको, दुखतंय," रमाबाई म्हणाल्या. "रजिस्ट्रारचा सायब घरी येऊन अंगठा घेऊन गेला. खोली दिनेशची झाली. लेकीचा असला तरी रक्ताचा आहे."

मालनचा हात थांबला. "वन्संनी तुम्हांला फसवलं, आई."

"ती कसली फसवते? तिला तर धीरच होत नव्हता. म्हणे, वहिनी उंबरा सोडायची नाय." म्हातारीने ओला हात पदराला पुसला. "दिनेशच्या मोबाइलवर ते बदक दिसलं, तेव्हा मीच म्हटलं, हे मालनला दाखव."