कॅप्टन फुस्सचा आवाज

दर रविवारी केबलवर एक विनोदी कार्टून लागायचं. त्यातला सुपरहिरो, कॅप्टन फुस्स, ऐटीत उडायला जायचा आणि दर वेळी तोंडावर आपटायचा. त्याचा हिंदी आवाज सुचेताच्या नवऱ्याचा, परागचा होता. परागला जाऊन सात महिने झाले होते. चार वर्षांच्या इशिताला बापाचा आवाज तरी लक्षात राहावा, म्हणून सुचेता केबिन रोडवरच्या घरात लेकीला न चुकता टीव्हीसमोर बसवायची.

या रविवारी कॅप्टन फुस्स परक्याच आवाजात बोलला. परागने रेकॉर्ड केलेले भाग संपले असावेत. पोर आता हंबरडा फोडणार, या धास्तीने सुचेता टीव्ही बंद करायला धावली.

 

"आई, थांब ना!" इशिता टाळ्या पिटत हसली. "बघ, बाबा परत पडले!"