सहा वॉफल

सकाळी सहाच्या ठोक्याला ड्वेनने आपल्या मित्राला, वेंडेलला, चार नंबरच्या टेबलाशी आणून बसवलं आणि काउंटरकडे बघून ओरडला, "केंड्रा, तुझा कैदी आलाय गं!"

केंड्राच्या हातातलं कॉफीचं भांडं तसंच राहिलं. वेंडेल तिचा बाप. चार वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

त्याच्या अंगात गुलाबी शर्ट होता. पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'मी शेवटचा आलो'. शर्ट इतका ढगळ की पार गुडघ्यापर्यंत लोंबत होता, आत आणखी एक वेंडेल सहज मावला असता. न्याहारीला आलेले ट्रकवाले माना वळवून वळवून हसत होते.

खेळ जुनाच. दहा मित्र मोसमाच्या सुरुवातीला खऱ्या फुटबॉलपटूंमधून आपापला कागदी संघ निवडतात. खेळाडू मैदानात धावतात, गुण यांना मिळतात. पहिला येईल त्याला कप. शेवटी येईल त्याने वॉफलच्या, म्हणजे जाळीदार गोड धिरड्यांच्या, हॉटेलात बारा तास बसून राहायचं. एक वॉफल खाल्ला की एक तास माफ. किती खाल्ले ते वाढणारी सांगेल, तिचा शब्द अखेरचा.

"नॉक्सव्हिलमध्ये अशी अकरा हॉटेलं आहेत," केंड्रा दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला माझंच सापडलं?"

"माझ्या हातात काय आहे, बाई?" ड्वेनने टोपी डोळ्यांवर ओढली. "बाराला चक्कर मारतो." आणि पोट सावरत तो सटकलाच.

तिची आज दुहेरी पाळी होती. सहा ते सहा. पळून जाणार कुठे?

"कशी आहेस, बाळा?"

"सर, वॉफल आणू?"

सर! वेंडेलने मान खाली घातली. "आण."

तिने आणला. त्याने हात लावला नाही. तासाभराने तिने तो तसाच उचलून आत नेला, रिकामी थाळी त्याच्यासमोर ठेवली आणि दुसरा आणला. तोही तसाच पडून राहिला. त्याला साखरेचा त्रास होता, हे तिला ठाऊक होतं. घाबरत असेल. मग असल्या फंदात पडायचंच कशाला? पण फुटबॉल म्हटलं की या माणसाचं डोकं ठिकाणावर कधी असायचं?

आई गेली त्या रविवारी दवाखान्याने त्याला तीन वेळा फोन केला होता. हा स्टेडियममध्ये, फोन बंद. सामना संपल्यावर आला. तोंडाला संघाचा रंग फासलेला, तसाच जिन्यात उभा. आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. तो रंग आठवला की केंड्राच्या डोक्यात अजून तिडीक जायची.

आणि तो मेला कप! घरी टीव्हीवरच्या फळीवर आईने त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. दर शनिवारी ती जागा पुसायची आणि नवऱ्याला चिडवायची, "आण की रे एकदाचा!" ती गेली, कप काही आला नाही.

"एमीला दात आले का गं?" नऊच्या सुमारास वेंडेलने विचारलं. नातीला त्याने अजून पाहिलंही नव्हतं.

"कॉफी?"

"ओत. डोळे कोणावर गेलेत तिचे?"

कॉफी बशीत सांडली. "सर, मला बाकीची टेबलं आहेत."

आत वॉफल उलटता उलटता आचारी लूथर म्हणाला, "अगं, बाप आहे तुझा. दोन शब्द बोललीस तर काय बिघडेल?"

"बोलते ना. कॉफी हवी का विचारते."

अकरा वाजता वेंडेलने धीर केला. "केंड्रा, त्या रविवारी मी..."

"इथे नको."

"मग कुठे? दार तर उघडत नाहीस."

ती वळली. हा माणूस आणखी सात तास समोर बसला तर आपण या सगळ्या ट्रकवाल्यांसमोर ढसाढसा रडू, हे तिला कळून चुकलं. नाही तर त्याला माफ करून टाकू. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

बाराला ड्वेन आला. टेबलावर सहा रिकाम्या थाळ्यांची चळत होती.

"किती झाले?"

"सहा," केंड्रा म्हणाली. "सहा तास बसले, सहा खाल्ले. संपली शिक्षा. घेऊन जा त्यांना."

"सहा? अरे, तुझी साखर! खरंच खाल्लेस?"

वेंडेलने लेकीकडे पाहिलं. तो 'नाही' म्हणाला असता तर ती चारचौघांत खोटी पडली असती.

"खाल्ले," तो म्हणाला. "छान होते."

त्याने तो शर्ट काढला, नीट घडी घालून टेबलावर ठेवला. "येतो गं." केंड्रा काउंटर पुसत राहिली. दारावरची घंटा वाजली, बाहेर त्याचा ट्रक सुरू झाला आणि निघून गेला.

ड्वेनने शर्ट उचलला आणि डोक्यातून अंगात घातला. त्याच्या पोटावर तो अगदी बेताचा बसला.

"पुढच्या वर्षी दुसरं हॉटेल बघा," केंड्रा तुटकपणे म्हणाली. "आणि त्यांना म्हणावं, जमत नसेल तर खेळू नका. शेवटचे आलात, शोभा झाली."

"शेवटचा? वेंडेल?" ड्वेन तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, शेवटचा मी आलो. तो पहिला आला, सतरा वर्षांत पहिल्यांदा. कप मला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात तुझ्या टेबलावरचे हे बारा तास मागून घेतले."