सल्लामसलत

मेक्सिकोतल्या त्या किनारी गावात परदेशी वीज कंपनीची माणसं पवनचक्क्यांबद्दल गावाचं मत विचारायला आली, तेव्हा ओदिलियाआजी कोळंबीची टोपली खाली आदळून उभी राहिली.

"खाडीत खांब ठोकलेत तर मासळी पळेल. मग आमची पोरं काय वारा खातील? नाही म्हणजे नाही!"

अर्धा तास ती कडाडत होती. दुभाष्यानं तिच्या सापोतेक बोलीतला शब्दन् शब्द कंपनीच्या साहेबाला स्पॅनिशमध्ये सांगितला. साहेबानं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

आठवड्याभरात खाडीत यंत्रं उतरली. आजी साहेबाच्या अंगावर धावून गेली. "मुडद्या, माझा नकार कागदावर घेतलास ना?"

दुभाष्यानं खाली मान घालून साहेबाचं उत्तर सांगितलं.

"आजी, सरकारी कागदात 'गावाशी चर्चा झाली का?' एवढंच विचारलंय. गाव काय म्हणालं, ते कुणी विचारलेलंच नाही."