फायलीची फीत

दोनशे रोपं सकाळपासून तिसऱ्यांदा जमिनीत उभी राहत होती. न्यायाधीशबाईंची गाडी यायला अजून अर्धा तास होता. मुकादम घड्याळ बघून मजुरांवर खेकसत होता. म्हातारा माळी गुडघ्यांवर बसून रोपांच्या काळ्या पिशव्या खड्ड्यांत ठेवत होता आणि पिशवीची कड दिसू नये म्हणून वरून माती ओढत होता.

नव्या रस्त्याच्या आड साठ जुनी झाडं येत होती. रस्ता कुणाला नको होता असं नाही. पलीकडच्या वस्त्यांतल्या बाईला बाळंतपणासाठी दवाखाना गाठायला तीन तास लागत. कोर्टाने दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, रस्ता करा, पण एका झाडामागे दहा रोपं आधी वर्षभर जगवून दाखवा. तोवर एका फांदीलाही हात लावायचा नाही. तीन जागा ठरल्या, प्रत्येकी दोनशे रोपं. आज पाहणी होती. बाईंनी सही केली की उद्या सकाळी करवती सुरू.

सहाशेतली चारशे रोपं उन्हाळ्यातच गेली होती. कंत्राटदार पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा पाठवायचा, पुढे तोही बंद झाला. माळ्याने दोनदा तोंड उघडून पाहिलं. दोन्ही वेळा त्याला गप्प बसवलं. मग दर महिन्याच्या कागदावर ‘सर्व रोपे जिवंत’ या ओळीखाली त्याने मुकाट्याने सही केली. आपल्याच हातांनी लावलेल्या चारशे रोपांचं मरण त्याने आपल्याच हातांनी लपवलं होतं. हल्ली त्याला जेवताना ते हात बघवत नसत.

जावई त्याच कंत्राटदाराचा ट्रक चालवायचा. "मामा, आजचा दिवस तेवढा निभावून न्या," तो सकाळी म्हणाला होता. "पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत." मुलगी डबा भरत होती. तिने मान वर केली नाही.

सकाळी पहिल्या जागेवर सगळं सुरळीत पार पडलं. घोळ झाला तो दुपारी, दुसऱ्या जागेवर. रांगांमधून चालता चालता बाई एका वाकड्या रोपापाशी थांबल्या. हातातल्या फायलीची लाल फीत सोडून त्यांनी ती रोपाला बांधली.

"पुढच्या वर्षी नातीला घेऊन येईन. हे झाड तिचं," त्या माळ्याला म्हणाल्या. "जगेल ना हो?"

"जगेल," माळी म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचीच किळस आली.

बाई जेवायला गेल्या आणि इकडे तीच रोपं तिसऱ्या जागेसाठी ट्रकमध्ये भरायला सुरुवात झाली. "ती फीत आधी काढ," मुकादम त्याच्या कानाशी लागला. माळ्याने मान डोलावली. मग आडवाटेने ट्रक धक्के खात निघाला. पुढे जावई चालवत होता, मागे रोपांच्या गर्दीत माळी बसला होता. सकाळपासूनच्या उपटाउपटीने रोपांनी माना टाकल्या होत्या.

अर्ध्या तासाने तिसऱ्या जागेवर गाडी आली. बाई उतरल्या आणि रांगांमधून चालू लागल्या. इथली माती रोपांना किती छान मानवली, हे मुकादम तोंडभरून सांगत होता. चौथ्या रांगेत बाई थांबल्या. समोर तेच वाकडं रोप होतं आणि त्याला लाल फीत.

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, ती... वाऱ्याने उडून आली असेल."

"बारा किलोमीटर?" बाई खाली बसल्या. त्यांनी फीत बोटांनी चाचपली. "आणि वाऱ्याने इथे येऊन दोन गाठीही मारल्या? मी तर एकच मारली होती, तीही सैल."

मुकादम माळ्याकडे वळला. "विसरलास ना, म्हाताऱ्या!" तो दातओठ खात पुटपुटला.

ट्रकपाशी जावई उभा होता. त्याच्याकडे बघायचा माळ्याला धीर झाला नाही. तो उठून बाईंसमोर आला. हात मातीने भरलेले होते, ते त्याने पुसले नाहीत.

"विसरलो नाही, बाई. तुमची गाठ ट्रकमध्ये सुटली होती. या दोन मी मारल्यात."